एकदा झालं ना ऑपरेशन, मग आता परत काहून?

लेकीच्या हृदयाच्या दुसऱ्या ऑपरेशनचं ठरलं आणि हा प्रश्न मला अख्ख्या गावानं विचारला. पानठेल्यावर विचारला, शाळेच्या व्हरांड्यात विचारला, एका मयतीला गेलो तर तिथंही दोघांनी बाजूला घेऊन विचारला. "गुर्जी, तीन वर्षांची होती तवाच मुंबईले केलं होतं ना? मंग आता काय राह्यलं?" कोणी दबक्या आवाजात पहिल्या डॉक्टरांवर शंका घेतली, कोणी नशिबावर ढकललं. दोन्ही चूक. पहिल्या डॉक्टरांनी काम चोख केलं होतं, म्हणून तर ती २२ वर्षांची झाली आणि दुसऱ्या ऑपरेशनची वेळ आली. हे मला स्वतःला पचायला सहा महिने लागले, म्हणून जरा सावकाश सांगतो.

हजार बाळं जन्मली तर त्यातल्या साधारण ८-९ जणांच्या हृदयात काही ना काही दोष असतो. काही दोष आपोआप बुजतात, काही आयुष्यभर त्रास देत नाहीत. आमच्या लेकीच्या वाट्याला 'टेट्रालॉजी ऑफ फॅलो' आला. मार्सेय शहरातले फ्रेंच डॉक्टर आर्तूर फॅलो यांनी १८८८ मध्ये तो नीट मांडला, म्हणून त्यांचं नाव. टेट्रा म्हणजे चार. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक, फुप्फुसांकडे जाणारी वाट अरुंद, शरीराला रक्त नेणारी महाधमनी नेमकी त्या भोकावर सरकलेली, आणि अरुंद वाटेतून रक्त रेटून रेटून उजव्या कप्प्याची भिंत जाड झालेली. वाट अरुंद, म्हणून फुप्फुसांकडे रक्त कमी जातं आणि उरलेलं अशुद्ध रक्त भोकातून थेट शरीरात उतरतं. रडली की लेकीचे ओठ जांभळे व्हायचे. अंगणात दहा पावलं धावली की उकिडवी बसायची. आम्हाला वाटायचं, खेळते आहे. पुढं डॉक्टरांनी सांगितलं की अशी लेकरं आपोआपच ही बसणी शोधून काढतात. उकिडवं बसलं की शरीराकडच्या वाटेवर दाब वाढतो आणि थोडं जास्त रक्त फुप्फुसांकडे वळतं.

पहिल्या ऑपरेशनात भोकावर ठिगळ लावलं आणि अरुंद वाट मोठी केली. इथंच दुसऱ्या ऑपरेशनचं मूळ आहे. त्या वाटेवर एक झडप असते. पुष्कळ लेकरांमध्ये ती झडप आणि तिचं कडंच इतकं बारीक असतं की ते उभं कापून, वर ठिगळ लावून रुंद करावं लागतं. वाट मोकळी होते, पण झडप कामातून जाते आणि रक्त मागं गळू लागतं. सर्जनला हे माहीत असतं. तीन वर्षांच्या लेकराचा जीव वाचवायचा तर तेवढी किंमत त्या दिवशी मोजायची, आणि गळतीचं पुढं १५-२० वर्षांनी बघायचं, असा तो हिशेब असतो.

विहिरीवर मोटार असलेल्या माणसाला ही गळती समजवायला दोन मिनिटं पुरतात. पाण्यात सोडलेल्या पाइपाच्या तळाला फुटवॉल असतो. पाणी वर जाऊ द्यायचं, खाली येऊ द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. तो खराब झाला की मोटार थांबताच पाइपातलं पाणी परत विहिरीत उतरतं. आता अशी मोटार मनात आणा जी मिनिटाला ७०-८० वेळा बंद-चालू होते, आणि दर वेळी वर फेकलेल्यातलं निम्म्याच्या आसपास पाणी परत येतं. तेच पाणी ती परत फेकते. मोटार जळत नाही, पिकाला पाणीही मिळतं, पण तिच्यावर काय बेतून राहिलं ते बांधावरून दिसत नाही. हृदयात मोटारीच्या जागी उजवा कप्पा असतो. परत आलेलं रक्त सामावून घ्यायला तो हळूहळू ताणतो, मोठा होतो.

"पण पोरगी तर धडधाकट दिसते." हा गावाचा दुसरा प्रश्न. खरंच दिसत होती. बी.एस्सी. झाली, यवतमाळला खोली करून राहिली, सायकल चालवली. डॉक्टरांनी विचारलं, दम लागतो का, तर म्हणाली, नाही. मग त्यांनी विचारलं, मैत्रिणींसोबत जिना चढताना मोबाइल बघायला थांबतेस का? ती हसली. थांबायची. कधीपासून ते तिलाही आठवत नव्हतं. जे लेकरू थोड्या कमी दमाच्या हृदयासोबतच वाढलं, त्याला 'जास्त दम' म्हणजे काय हेच माहीत नसतं. म्हणून अशा मुलांच्या बाबतीत 'काही त्रास नाही' या उत्तरावर डॉक्टर थांबत नाहीत. इको करतात, ट्रेडमिलवर पळवतात, ईसीजीतल्या लहरींची रुंदी मोजतात आणि हृदयाचा एमआरआय करतात. एमआरआयमध्ये उजव्या कप्प्याचं आकारमान मिळतं. ते शरीराच्या दर चौरस मीटरमागे १५०-१६० मिलीलिटरच्या पुढं गेलं की झडप बसवण्याचा विचार सुरू होतो. लेकीचं १६८ होतं.

त्रास सुरू होईपर्यंत थांबलं तर काय बिघडतं? सलवारीच्या इलॅस्टिकसारखं आहे. थोडं ताणलेलं सोडलं तर परत आवळतं. वर्षानुवर्षं ताणून ठेवलेलं मग सोडलं तरी लोंबतंच. कप्पा एका हद्दीपलीकडं गेला की नवी झडप बसवूनही तो पूर्ववत होत नाही, आणि ताणलेल्या स्नायूत ठोक्यांची जीवघेणी गडबड होऊ शकते. म्हणजे ऑपरेशनची योग्य वेळ माणूस बरा दिसत असतानाच येते. आईबापाला हे पटणं फार अवघड. आजारी लेकरू ऑपरेशनला नेणं आणि हसतं-बोलतं नेणं यात फरक आहे.

इथं आमची चूक कबूल करतो. १८ ते २२ या वर्षांत आम्ही तिची तपासणीच केली नाही. लहानपणी शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक यायचं, ते आठवण करून द्यायचं. हा कार्यक्रम १८ वर्षांपर्यंतचाच. त्यानंतर पोर जणू कुणाचंच नसतं. लहान मुलांचे हृदयतज्ज्ञ म्हणतात, आता मोठ्यांच्या डॉक्टरांकडे जा. मोठ्यांच्या डॉक्टरांकडे रांग असते ती ब्लॉकेज आणि बीपीवाल्यांची. जन्मजात दोषाची मोठी झालेली मुलं पाहणाऱ्या डॉक्टरला मुद्दाम शोधावं लागतं. मधे करोना आला, आणि आम्ही निवांत झालो. आणखी एक मूर्खपणा: पहिल्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड लोखंडी पेटीत होतं, त्याला उधई लागली. कोणतं ठिगळ, कडं कापलं होतं की नाही, हेच त्यात लिहिलेलं असतं. आमच्या हाती अर्धं पान उरलं. तुमच्याकडं असं कार्ड असेल तर हा लेख बाजूला ठेवून आधी त्याचा फोटो काढा.

आता त्या दिवसाबद्दल, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. नागपूरला डॉक्टर समजावत होते आणि सवयीनं माझ्याकडं बघून बोलत होते. मीही सवयीनं मान डोलवत होतो. मधेच लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही जरा बाहेर थांबा ना. मले काही विचारायचं आहे." मी बाहेर आलो. पहिल्या ऑपरेशनच्या कागदावर माझी सही होती, या वेळी तिची लागणार होती. १८ वर्षांवरच्या माणसाची संमती त्याचीच. कायदा मला ठाऊक होता, तरी त्या बाकड्यावरची वीस मिनिटं मला जड गेली. आत काय बोलणं झालं ते तिनं यवतमाळ जवळ येईपर्यंत सांगितलं नाही. कळंबच्या पुढं गाडी आल्यावर आपणहून बोलली. मूल होऊ शकेल का, हे तिला माझ्यासमोर विचारायचं नव्हतं.

उत्तर असं होतं की झडप आधी नीट करून घेतली तर या दोषाच्या बहुतेक मुलींना बाळंतपण झेपतं, पण ते हृदयतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांच्या नजरेखाली, मोठ्या दवाखान्यात व्हायला हवं. बाळालाही हृदयदोष असण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, साधारण शेकडा ३ ते ५, म्हणून पाचव्या महिन्याच्या सुमाराला बाळाच्या हृदयाची इको करतात. याच प्रश्नावर झडपेची निवडही अवलंबून असते. धातूची झडप खूप टिकते, पण रक्त पातळ ठेवणारी वॉरफॅरिनसारखी गोळी जन्मभर घ्यावी लागते, आणि ती गोळी पोटातल्या बाळाला, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, धोक्याची. शिवाय हृदयाच्या उजव्या बाजूला रक्ताचा दाब कमी असल्यानं धातूच्या झडपेवर गुठळी होण्याची भीती जास्त. म्हणून तिथं सहसा प्राण्याच्या ऊतीची झडप बसवतात.

आजीनं विचारलं, कायची असते ती? लेकीनं सरळ सांगून टाकलं, गाईच्या हृदयाभोवतीच्या पडद्याची. आजी माळकरी. दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता विचारलं, "अन् टिकते किती?"

तर टिकते १०-१५ वर्षं, तरुण शरीरात कधी त्याहून कमी. म्हणजे तिसरी खेप आहे. ही गोष्ट लेकीपासून लपवावी असं आमच्या घरात दोघांचं मत होतं. मी सांगा म्हटलं, आणि आजही मला तेच बरोबर वाटतं. तिला ते आधीच ठाऊक होतं, तिनं मोबाइलवर वाचलं होतं. एक दिलासा असा की पुढची झडप कदाचित छाती न उघडता, जांघेतल्या शिरेतून नळीनं नेऊन जुन्या झडपेच्या आतच बसवता येईल. माणसात हे पहिल्यांदा २००० साली केलं गेलं, आता भारतातही होतं. मग आताच तसं का नाही? ठिगळ लावून रुंद केलेली वाट काही जणांत इतकी फुगते की नळीतल्या झडपेला धरायला कडच मिळत नाही. काहींत हृदयाला रक्त देणारी धमनी अगदी खेटून असते, तिच्यावर दाब येऊ शकतो. आणि किंमतही आहेच. आपल्या लेकराला हे जमेल का, असा प्रश्न नक्की विचारा. नाही म्हणाले तर कारण विचारा.

दुसऱ्यांदा छाती उघडणं पहिल्यापेक्षा वेगळं असतं. पहिल्या ऑपरेशननंतर आत जे भरून येतं, त्यात हृदय छातीच्या हाडाला आतून चिकटलेलं असू शकतं. हाड कापताना त्याला धक्का लागायला नको, म्हणून आधी सीटी स्कॅन करून मधलं अंतर बघतात. गरज पडली तर जांघेतल्या रक्तवाहिन्यांतून हार्ट-लंग मशीन, म्हणजे ऑपरेशनपुरतं हृदय-फुप्फुसाचं काम करणारं यंत्र, आधीच जोडायची तयारी ठेवतात. चिकटलेलं एकेक करून सोडवण्यात वेळ जातो, रक्त जास्त जातं. बाहेर बसलेल्यांना वाटतं काहीतरी बिघडलं. आम्हाला आधी सांगून ठेवलं होतं म्हणून सहा तासांनीही आम्ही जागेवर होतो.

रक्ताची सोय म्हणून रक्तदानाला गावातले अकरा पोट्टे एका गाडीत बसून आले. त्यातल्या तिघांना परत पाठवलं, हिमोग्लोबिन कमी. त्यांचा त्यावरचा उपचार सुरू झाला, हेही एक झालं.

विदर्भातल्या माणसानं एक गोष्ट न विचारता सांगावी: सिकलसेल. आपल्याकडं, विशेषतः गडचिरोली-चंद्रपूर पट्ट्यात आणि काही समाजांमध्ये, हा रक्तदोष बराच आढळतो. या दोषात ऑक्सिजन कमी पडला किंवा शरीर गार झालं की लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि अडकतात, आणि मशीनवर हृदय थांबवताना शरीर बरेचदा गारच करतात. लेकीचा अहवाल 'एएस' आला, म्हणजे ती वाहक. वाहकांचं ऑपरेशन सहसा निभावतं, पण भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते आधी ठाऊक हवं. पूर्ण सिकलसेलच्या रुग्णाला आधी रक्त बदलून घ्यावं लागू शकतं. मोठ्या शहरातल्या, बाहेरच्या राज्यातल्या दवाखान्यात हा प्रश्न विचारला जाईलच असं धरून चालू नका.

बाहेर बसलो असताना मी वाचलेलं एक आठवत होतं. हार्ट-लंग मशीन नुकतंच येऊ घातलं होतं तेव्हा, १९५४ मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात डॉ. लिलेहाय यांनी लेकराचं रक्ताभिसरण दुसऱ्या माणसाला नळ्यांनी जोडलं आणि त्या माणसाच्या हृदय-फुप्फुसावर लेकराला जिवंत ठेवून आत भोक शिवलं. पहिल्या वेळी तो माणूस म्हणजे लेकराचा बापच होता. अशी ४५ ऑपरेशनं झाली. फॅलोच्या दोषाची पहिली पूर्ण दुरुस्तीही त्याच वर्षी याच पद्धतीनं झाली. मला त्या बापाचा हेवा वाटला. त्याला निदान काम होतं.

आयसीयूचं लेकराला आधीच सांगून ठेवायला हवं. शुद्धीवर येईल तेव्हा तोंडात श्वासाची नळी असेल, बोलता येणार नाही, नळी ओढू नये म्हणून हात सैल बांधलेले असतील, छातीतून नळ्या निघालेल्या असतील. तीन वर्षांची असताना हे सगळं होऊन गेलं तरी तिला आठवत नव्हतं. २२ व्या वर्षी सगळं आठवतं. आम्ही घरीच बोटांच्या खुणा ठरवल्या होत्या: एक म्हणजे दुखतं, दोन म्हणजे तहान, मूठ म्हणजे बाबांना बोलवा. मूठ एकदाही केली नाही. आई आत गेली तेव्हा दोन बोटं दाखवली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मात्र कारण नसताना खूप रडली. नर्सबाई म्हणाल्या, पुष्कळांचं होतं. मोठ्या ऑपरेशननंतर मन खचतं, ते काही आठवड्यांत ओसरायला हवं. नाही ओसरलं तर तेही डॉक्टरांना सांगायचं दुखणं आहे, नाटक नव्हे.

पैशाचं थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. दवाखाना योजनेत आहे का, आणि आपलं नेमकं ऑपरेशन त्यात बसतं का, हे तिथल्या आरोग्यमित्राला आधी विचारा. आधी मंजुरी, मग भरती. रेशन कार्डावर मुलीचं नाव आणि आधारवरचं नाव सारखं नसेल तर तहसीलचे हेलपाटे महिनाभर आधी मारा. आमचं एका वेलांटीवर अडलं होतं. वरचा खर्च आणि उणं पडेल ते यासाठी मुख्यमंत्री सहाय्यता निधीकडे अर्ज करता येतो. हृदयाच्या ऑपरेशनला रेल्वेनं जाणाऱ्या रुग्णाला आणि सोबतच्या एकाला तिकिटात सवलत असते, स्लीपरला ७५ टक्के, त्याचा नमुना दवाखान्यातून भरून घ्यायचा. मुंबई गाठावी लागली तर दादरला आपल्या अमरावतीकडच्या गाडगेबाबांची धर्मशाळा बाहेरगावच्या रुग्णांसाठी आहे.

घरी आल्यावर खरी कसोटी माणसांची. ऑपरेशन झालेल्या लेकराला बघायला येणं हा आपल्याकडं धर्म आहे, आणि येणारा खोकत येतो. मी दारात खाट आडवी टाकली आणि अंगणातच चहा पाजून लोकांना वाटेला लावलं. काही रुसले. छातीचं हाड तारांनी बांधलेलं असतं, ते जुळायला ६ ते ८ आठवडे, कधी जास्तही लागतात. तोवर घागर नाही, हापशी नाही, स्कूटी नाही, आणि खाटेवरून उठताना हातावर भार देण्याऐवजी कुशीवर वळून उठायचं. खोकला आला की गोधडीची घडी छातीशी घट्ट धरायची. तीन छोट्या चेंडूंचं श्वासाच्या व्यायामाचं यंत्र तासातासाला ओढायचं. जमलं तर ऑपरेशन हिवाळ्यात घ्या. लघवी वाढवणारी गोळी सुरू असताना आपल्याकडच्या मे महिन्यात अंगातलं पाणी किती लवकर आटतं ते वेगळं सांगायला नको.

आणि ताप. एवढं एक घरातल्या सगळ्यांना पाठ हवं. कृत्रिम झडपेवर जंतू बसले तर ते प्राणावर बेततं. गावात ताप आला की पहिलं इंजेक्शन आणि अँटिबायोटिक तयार असतं. अँटिबायोटिक आधी दिलं तर रक्तातला जंतू तपासणीत सापडत नाही आणि रोग आतल्या आत वाढतो. म्हणून झडपवाल्या लेकराचा ताप दोन-तीन दिवसांपेक्षा रेंगाळला तर आधी रक्ताचं कल्चर, म्हणजे जंतू शोधायची तपासणी, मग औषध. आमच्या दारामागं हे मोठ्या अक्षरात चिकटवलं आहे, गावच्या डॉक्टरांनाही वाचून दाखवलं. ते भले माणूस, रागावले नाहीत. जंतूंची नेहमीची वाट तोंडातून असते. दात काढण्याआधी दंतवैद्याला झडपेचं सांगायचं, ते अँटिबायोटिकचा एक डोस आधी देतात. हाच दोष असलेला एक पोरगा मला तपासणीला भेटला. गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा. हिरड्या सोलून निघालेल्या. त्याच्या बापाला वाटत होतं, सिगरेट नाही ना ओढत, मग ठीक आहे. मी मास्तर असल्यानं दोघांनाही बोललो, त्याचा किती उपयोग झाला कुणास ठाऊक.

लग्नाचं विचाराल तर नातेवाइकांचा सल्ला ठरलेला: वण झाकेल असा ब्लाउज शिवा, बोलू नका. लेकीनं तो प्रश्न स्वतःकडं घेतला. पहिल्याच भेटीत फाइल दाखवणार म्हणते. मी काही बोललो नाही. फाइल आता तिच्याकडंच असते, फोटोही तिच्या मोबाइलमध्ये, डॉक्टरांचे प्रश्न ती आदल्या रात्री वहीत लिहून काढते.

मागच्या महिन्यात सहा महिन्यांची तपासणी होती. पहाटेची लालपरी. लहानपणी तपासणीला नेताना मी कंडक्टरला म्हणायचो, एक फुल, एक हाफ. त्या दिवशी पर्समधून पैसे काढत तिनंच म्हटलं, "एक फुल, एक हाफ." २०२३ पासून बायांना एसटीत अर्धं तिकीट आहे. कळंबपर्यंत ती झोपली, मी फाइल धरायला मागितली तर म्हणाली, राहू द्या बाबा, तुम्ही डबा धरा.